खाऱ्या वाऱ्यात जुन्या बोलेरोचा सायलेन्सर: पुट्टी, पॅच, तयार मफलर की 304?

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, क्वालिस. 2017 च्या आधीच्या या डिझेल गाड्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून रोज रस्त्यावर आहेत. इंजिन ठणठणीत असतं, पण खालचा सायलेन्सर मात्र दर काही पावसाळ्यांनी सडतो. बाजारात त्यावर चार उपाय मिळतात: पुट्टी, वेल्डिंगचा पॅच, तयार मफलर (आवाज मारणारा डबा) आणि 304 ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये बनवून घेतलेली लाइन, म्हणजे इंजिनापासून शेपटीपर्यंतचा धुराचा पाइप. या चारही उपायांचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. बहुतेक गाड्यांसाठी चांगला अॅल्युमिनाइज्ड (अॅल्युमिनियमचा थर असलेला) मफलर, लाइन लटकवणारी सगळी नवी हँगर रबरं आणि जोडांमधलं नवं पॅकिंग हाच पैसे वसूल करणारा सौदा आहे. बाकी तिघांची जागा ठरलेली आहे, आणि ती चुकली की पैसे पाण्यात.

सायलेन्सर कोकणात दोन्ही बाजूंनी सडतो. बाहेरून खारा वारा लागतो, बंदरावरून निघालेल्या मासळीच्या टेम्पोतून रस्त्यावर गळणारं खारं पाणी उडतं, आणि मफलरच्या माथ्यावर लाल माती बसते, ती दिवस दिवस ओल धरून ठेवते. गाडी धुताना वरून पाणी मारतात, पण हा थर तसाच राहतो. आतून सडण्याचं कारण वेगळं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत मफलर पुरता तापतच नाही, वाफ आतच निवते आणि तळाला साचते. एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं. बीएस-3 या जुन्या प्रदूषण-मानकाच्या काळात ते 350 पीपीएम होतं, म्हणजे आम्लाचा त्रास आता कमी झाला, पाण्याचा नाही. म्हणूनच कित्येक मफलरच्या तळाला कंपनीच एक बारीक भोक ठेवते. थंड इंजिन चालू केल्यावर तिथून पाणी ठिबकलं तर तो दोष नाही. "भोक पडलंय" म्हणून ते वेल्डिंगने बुजवणारे फिटर भेटतात, त्यांना थांबवा. ते भोक बुजलं की मफलर आणखी लवकर सडतो.

उपाय विकत घेण्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला हवं, आणि ते सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावरच शोधावं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण. खाली शिरायचं असेल तर लोखंडी स्टँड लावा. अंगणात पडलेला जांभ्याचा चिरा टेकू म्हणून लावू नका. जांभा भाराखाली काही न सांगता फुटतो.

चालू केल्या केल्या इंजिनाच्या बाजूने टिकटिक येते आणि गाडी तापली की ती मिटते, तर दोष मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागाच्या) पॅकिंगचा, तो धरणाऱ्या तुटलेल्या स्टडचा (बिनडोक्याच्या बोल्टचा) किंवा मॅनिफोल्डलाच गेलेल्या तड्याचा आहे. धातू तापून फुगतो आणि फट बंद होते, म्हणून आवाज जातो. दुपारी गॅरेजला गरम गाडी नेली की फिटर "काही नाही" म्हणतो, त्याचं कारण हेच. त्यापुढचे जोड बघताना मदतनिसाला जाड ओलं फडकं देऊन शेपटीच्या पाइपावर इंजिन आयडलवर (रेस न देता) असताना चार-पाच सेकंद धरायला सांगा. जिथे फट आहे तिथून लगेच फुस्स ऐकू येतं. जोड अजून थंड असतील तर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे जागा दाखवतात. काहीच करायचं नसेल तर नुसते जोड पाहा. गळणाऱ्या फ्लँजच्या (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीच्या) कडेला काजळी पंख्यासारखी पसरलेली असते.

मफलर तपासायला स्क्रू-ड्रायव्हर पुरे. त्याच्या मुठीने तळाच्या शिवणीवर ठोकत जा. जिथे पत्रा शाबूत आहे तिथे ठण् वाजतं, जिथे सडला आहे तिथे भद्द. भद्द वाजलेल्या जागी टोक थोडं दाबलं की गंजाचे पापुद्रे सुटून हातावर पडतात, आणि बऱ्याचदा टोक आरपार जातं. हे भोक तुम्ही पाडलं नाही, तिथे नुसता रंग उरला होता. ठोकताना आत डबा खुळखुळला तर आतली जाळी किंवा पडदा सुटलेला आहे, आणि अशा मफलरला बाहेरून कितीही पॅच लावा, फुकट.

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात ते एका गैरसमजामुळे. काळा धूर आणि कमी पिकअप यांचं खापर मफलरच्या भोकावर फोडलं जातं. टर्बोच्या (धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) मागे असलेल्या भोकाने आवाज वाढतो, पिकअपला जाणवण्यासारखा फरक पडत नाही. गाडी कशेडी किंवा आंबोलीच्या चढावर ओढत नसेल आणि काळा धूर मारत असेल, तर आधी एअर फिल्टर पाहा, मग इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप हाताने दाबून चीर आहे का ते पाहा, मग मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधला जोड. तो जोड गळला तर टर्बोला फिरवणारा वायूच बाहेर निघून जातो, बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, पडतो, आणि डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टनची रिंग. तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. यातल्या एकाही आजारावर नवा सायलेन्सर हे औषध नाही.

उलटा प्रकारही असतो. गाडी ओढत नाही, धूर फारसा नाही, शेपटीतून हवेचा जोर मात्र लागत नाही. मग लाइन तुंबली आहे: सुटलेला पडदा, दबलेला पाइप किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा). पुढचा फ्लँज दोन-तीन मिलीमीटर सैल करून मोकळ्या रस्त्यावर थोडंसं चालवून पाहा. आवाज भयंकर येईल, पण पिकअप परत आला तर निदान पक्कं. सैल फ्लँजमधला गरम वायू वायरिंगवर किंवा ब्रेकच्या नळीवर येत नाही ना, ते आधी बघा. कन्व्हर्टर तुंबला म्हणून काढून सरळ पाइप टाकून देणारे आहेत. तसं करू नका. प्रदूषण आणि आवाज या दोन्हींवर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) लागतं.

आता एकेक उपाय.

पुट्टी आणि पट्टी. पुट्टीत मुख्यतः सोडियम सिलिकेट आणि भुकटी असते, ती उष्णतेने दगडासारखी होते. जागा तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, थोडी ओली करायची, भोकाच्या चहूबाजूंना दोन सेंटिमीटर पुढे जाईल अशी लावायची, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्यायची, मग गाडी दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवायची. घाईने रेस केली की आतलं पाणी उकळून तिला फुगे येतात. कठीण होते म्हणूनच ती हादऱ्याने तडकते. रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकावर ती टिकत नाही. सरळ पाइपावर फायबरची पट्टी बरी. भोकाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर, प्रत्येक वेढा अर्धा आधीच्या वेढ्यावर. घरी पोचायला किंवा मफलर येईपर्यंत चार दिवस काढायला ठीक. पाचपैकी दीड गुण.

वेल्डिंगचा पॅच. पाइपावर चार गुण, मफलरच्या डब्यावर दोन. कारण सोपं आहे: मफलरचा पत्रा मुळातच पातळ, त्यात सडून त्याहून पातळ झालेला. त्याच्यावर 3.15 मिमीची रॉड चालवली की एक भोक बुजतं आणि शेजारी दोन पडतात. भोकाभोवतीचा सडका पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कापायचा, 1.6 मिमीचा काळा पत्रा चारही बाजूंनी पंचवीस मिमी जास्त घ्यायचा, आणि सीओटू वेल्डिंगने किंवा नाइलाज असेल तर 2.5 मिमीच्या 6013 जातीच्या रॉडने थांबत थांबत टाके मारायचे. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायला लावा, नाहीतर कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) गाडीचा ईसीयू, म्हणजे तो संगणकच, धोक्यात. डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळ्यांवर ओलं गोणपाट हवंच. पाइप बदलताना फिटर नळाचा जीआय (जस्त चढवलेला) पाइप हातात घेईल, कारण तो दुकानात पडलेला असतो. नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरचं जस्त जळतं, त्या पांढऱ्या धुराने वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो, आणि जोडाजवळ जस्त उरत नाही, म्हणजे गंज सुरू व्हायचा तिथूनच होतो.

तयार मफलर. अॅल्युमिनाइज्ड म्हणजे पोलादावर अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा थर चढवलेला पत्रा. कोकणात साध्या रंगवलेल्या डब्यापेक्षा तो कितीतरी जास्त टिकतो. पण दुकानात चंदेरी रंग मारलेले साधे डबेही त्याच नावाने मिळतात. कडेला खिळ्याने ओरखडा काढून पाहा. रंग असेल तर पापुद्रा निघतो आणि खाली काळपट लोखंड दिसतं. खरा थर सोलून निघत नाही, नुसती फिकट चमक दिसते. जुना मफलर काढून दुकानात न्या. पाइपाचा व्यास व्हर्नियरने, लांबी, वाकाचा कोन आणि हँगरच्या कड्यांची जागा जुळवूनच घ्या, कारण बोलेरोच्या वेगवेगळ्या वर्षांच्या लाइन सारख्या नाहीत. बसवताना सगळे जोड आधी सैल ठेवायचे, लाइन रबरांवर लटकवायची, चॅसिसपासून बोटभर अंतर सगळीकडे आहे का पाहायचं, आणि मग पुढून मागे आवळत जायचं. मागून आवळत आलं की ताण पुढच्या फ्लँजवर जातो आणि तोच पहिला तुटतो. रबरं सगळी एकदम बदला. एक नवं आणि तीन लोंबलेली असली की सगळा भार नव्यावर येतो. वेल्डिंग करावं लागलं तर तिथला थर जळतो, त्यावर 600 अंश सोसणारा सिलिकॉन रंग मारा. चार गुण.

304 ची लाइन. समुद्राच्या अगदी जवळ राहणारी, अजून पाच-सात वर्षं ठेवायची गाडी असेल तर हाच उपाय, साडेचार गुण. मात्र काम नीट झालं तरच, नाहीतर दोन. पहिली फसवणूक धातूत होते. चुंबक चिकटत नाही म्हणून 304 असं समजू नका. स्वस्त 202 लाही चुंबक चिकटत नाही, आणि 202 खाऱ्या हवेत लवकर गंजतं. 409 ला चुंबक चिकटतं, तरी सायलेन्सरसाठी ते चांगलं पोलाद आहे. पाइपावर छापलेली ग्रेड पाहा आणि बिलावर लिहून घ्या. दुसरी चूक प्रसरणाची. दोन मीटरचा पाइप अडीचशे अंशांनी तापला तर साधं पोलाद सहा मिमी वाढतं, 304 साडेआठ मिमी. ही वाढ सामावायला मध्ये लवचीक जाळीचा तुकडा आणि मोकळी रबरं हवीत. कडक क्लॅम्पने चॅसिसला जखडलेली स्टेनलेस लाइन वेल्डच्या कडेला तडकते. तो लवचीक तुकडाही सरळ रेषेत बसला पाहिजे. वाकवून बसवला तर लवकर फाटतो, आणि इंजिनाचं माउंटिंग खचलेलं असेल तर नवा तुकडाही त्याच वाटेने जातो. वेल्डिंग आर्गन वायूचंच, साध्या लोखंडी फ्लँजला जोडताना 309एल तार. आणि मफलरचा डबा मूळ आकाराएवढा मागा. छोट्या सरळ डब्याने दोन हजार आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये अशी घुमघुम येते की चिपळूण ते कणकवली जाईपर्यंत डोकं बधिर होतं. 304 वर खाऱ्या हवेने चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात. ते वरवरचे असतात, गोड्या पाण्याने धुवायचे.

काम कुणाकडे द्यायचं? रस्त्याकडेचा वेल्डर पाइपाच्या पॅचला पुरेसा. मफलर बदलायला सायलेन्सरचंच काम करणारं गॅरेज हवं, जिथे खड्डा किंवा रॅम्प आहे. स्टेनलेससाठी एमआयडीसीतला आर्गनवाला फॅब्रिकेटर शोधा, मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांची कामं करणाऱ्याचा हात पातळ पत्र्यावर बसलेला असतो. त्याच्याकडे गाडी न नेता जुनी लाइन नमुना म्हणून न्या. मॅनिफोल्डच्या कामाला मात्र घाई करणारा माणूस अजिबात नको. गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्री तेल मारून ठेवायचं, नट तापवायचा, पाव आटा सोडायचा, परत आवळायचा, परत सोडायचा. लांब पाना लावून एकदम जोर दिला की स्टड हेडमध्ये तुटतो, आणि अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवसांचं होतं. मॅनिफोल्डची बैठक लोखंडी सरळ पट्टी लावून तपासली नाही, तर वाकड्या मॅनिफोल्डवर नवं पॅकिंग महिनाभरात फुंकतं. आवळताना मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत.

गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी ती थंड असतानाच ओल्या फडक्याची तपासणी तिथल्या तिथे करून घ्या. केबिनमध्ये खिडक्या बंद करून पाच मिनिटं आयडलवर बसा. धुराचा वास आला तर खालचा पत्रा आणि रबरी बूच पाहायला लावा, आणि तोवर मागचा दरवाजा उघडा ठेवून बांबू-पाइप वाहू नका, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे नट थंड गाडीवर पुन्हा एकदा आवळायचे. हे आवळणं बिलातच धरलंय का, ते काम देतानाच विचारा.