जी. ए. कुलकर्णी: क्रमाने की शिखरापासून?

कथाकार जी. ए. कुलकर्णी, म्हणजे जीए, हळूहळू, पण सगळे वाचायचे, तर दोन वाटा. एक, प्रकाशनक्रमाने: ‘निळासावळा’ (1959), ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ करत पुढे. दुसरी, थेट ‘काजळमाया’ किंवा ‘रमलखुणा’ उघडायचं आणि मग मागे यायचं.

दुसरीचा मोह मोठा. ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. जीए काय चीज आहे हे लगेच कळतं. पण तिथे ओळखीचं गाव नाही, काळ नाही. नवखा वाचक भारावतो तरी, नाहीतर पुस्तक मिटून ठेवतो.

क्रमाने गेलं की आधी भेटतात धारवाड-बेळगावकडची घरं, कानडी वळणाची मराठी, पिचलेली, हट्टी माणसं. नियती इथेही आहेच, फक्त ती घरातल्या भांडणातून, आजारपणातून येते. ती पुढे रूपककथांत शिरते तेव्हा आपल्याला तिची चाल ओळखू येते. तोटा एकच: सलग वाचलं तर जीव घुसमटतो. (सुट्टीत संच संपवू म्हणणाऱ्यांना शुभेच्छा.)

माझं मत क्रमाच्या बाजूने, एका बैठकीला एकच कथा. ग्रीक पुराणकथांची आवड असलेल्याला मात्र मी खुशाल ‘पिंगळावेळ’मधली ‘ऑर्फियस’ आधी देईन.