नारिंगी सिलिका जेल: कुणकेश्वरच्या शैवालांसाठी हिवाळा ते पावसाळा वापरल्यावर

सिलिका जेल म्हणजे ओलावा शोषणारे मणी, कोरडे असताना नारिंगी, ओलावा प्यायले की हिरवे. कोकण किनाऱ्यावरच्या कुणकेश्वरहून आणलेले शैवालांचे नमुने डीएनए तपासणीसाठी मी त्यात वाळवते. लिहायला बसले ती संतापानेच. परवा आलेली नवी पिशवी उघडली तर निम्मे मणी हिरवे, म्हणजे ओलावा पिऊनच आलेले. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘कढईत गरम करून घ्या.’ कोरड्या जेलचे पैसे मोजल्यावर ते कोरडंच मिळायला हवं. आणि थेट आचेवर या मण्यांचा रंग करपतो, मग पुढे ते ओले की कोरडे हे कळायचा मार्गच संपतो. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की ते पुन्हा नारिंगी होतात, पण ते काम वापरून झाल्यावरचं. पिशवी उघडली म्हणून परतही घेतली नाही.

तरीही जेल सोडणार नाही. आधी नमुने टिकवायला माझा ओढा अल्कोहोलकडे होता. पण ते कॉलेजच्या परवान्यावर यायचं, जपून वापरायचं, आणि एसटीत मांडीवर बाटल्या घेऊन बसायचं, हे नको झालं. हिवाळ्यात जेलमध्ये वाळवलेल्या उल्व्हाचा, म्हणजे एका हिरव्या शैवालाचा, ओळख पटवायला वापरतात तो टफ-ए जनुक पहिल्याच पीसीआरला (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढण्याच्या चाचणीला) स्वच्छ आला, तेव्हा अल्कोहोलचा विषय माझ्यापुरता मिटला. निळं जेल स्वस्त मिळतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि मुलं उघड्या हातांनी मणी चाळतात. तिथे काटकसर नको.

खरी तक्रार नमुना आणि जेल ज्यात एकत्र ठेवते त्या झिपच्या पिशव्यांची आहे, आणि ती मी सविस्तर करणार. ताज्या शैवालात ८० ते ९० टक्के पाणीच असतं. जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं, आणि झपाट्याने ओढतं ते सुरुवातीलाच. म्हणून नमुन्याच्या दहापट जेल घ्यायचं. हा हिशेब पाळूनही झिप नीट बसत नसेल तर जेल नमुन्याचं पाणी ओढायचं सोडून कोकणातली हवा वाळवत बसतं. झिपच्या खाचेत वाळूचा एक कण अडकला तरी फट राहते, आणि खडकावर वाळू नाही असं कधी होतं? हिवाळ्यात हे जाणवलं नाही. तेव्हा सगळ्यांना याच पिशव्या सुचवत होते. ते मत आता मागे घेते. जुलैत बंद पिशवीतलं जेल, आत नमुना नसतानाही, आठवड्याभरात हिरवं झालं. जाड पिशव्या आणल्या, पिशवीत पिशवी घातली, झिपवर चिकटपट्टी मारली. शेवटी उपयोगी पडला तो रबरी वायसरच्या झाकणाचा स्टीलचा डबा. सगळ्या पिशव्या त्यात, तळाला जेलचा जादा थर.

पावसाळ्यात खडकांवर येणाऱ्या पोर्फायरा या लाल शैवालाने मात्र फार आनंद दिला. त्याचं पातं एकाच पेशीच्या जाडीचं, रात्रीत कुरकुरीत वाळलं. सरगॅसम या तपकिरी शैवालाने उलट छळलं, पण तो दोष जेलचा नाही. त्यातली अल्जिनेट आणि पॉलिफेनॉल ही द्रव्यं डीएनएसोबत चिकटून येतात आणि पीसीआर अडवतात. त्याची फक्त कोवळी टोकं, नखाएवढी, घ्या. अंगावर वाढलेली बारीक शैवालं आधी खरवडून काढा, नाहीतर डीएनएचा अनुक्रम भलत्याच शैवालाचा हाती येतो. समुद्राच्याच स्वच्छ पाण्यात हलवा, कारण गोड्या पाण्यात नाजूक लाल शैवालांच्या पेशी फुटतात. मग टिश्यूने नीट टिपा. हे टिपणं टाळलं तर कितीही महागडं जेल कमी पडेल.

मण्यांची पूड चिकट पात्याला लागते आणि नंतर निघत नाही. त्यासाठी चहाच्या रिकाम्या पुड्या (टी-बॅग) मिळतात. नमुना त्यात घालायचा, सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. त्याच शैवालाचा जो भाग हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) कागदावर दाबून ठेवतो, त्या जोडीदार नमुन्याला तोच क्रमांक द्यायचा. फॉर्मेलिनची बाटली या डब्याजवळही आणू नका, डीएनए खराब होतो.

जेलला चार तारे, झिपच्या पिशव्यांना एक. एक तारा कापला तो हिरव्या मण्यांचा. पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली आहे, आणि या वेळी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढणार आहे.