साऊथवर्कच्या ‘जॉर्ज’मध्ये पिंपातली एल

लंडन ब्रिज स्थानकातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला एका अरुंद बोळात ‘द जॉर्ज इन’चे अंगण उघडते. लंडनच्या साऊथवर्क या भागात 1676 मध्ये लागलेल्या आगीनंतर पुढच्याच वर्षी ही सराई नव्याने बांधण्यात आली. अंगणाच्या तीन बाजूंपैकी दोन बाजू रेल्वे कंपनीने एकोणिसाव्या शतकात पाडल्या. उरलेल्या एका बाजूचे लाकडी सज्जे मात्र आजही शाबूत असून, घोडागाड्यांच्या काळातली अशी सज्ज्यांची सराई लंडनमध्ये ही एकच राहिली आहे. वास्तूची मालकी ऐतिहासिक ठेवा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे असून, आता इथे पब चालतो.

मी गेलो तो एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, केवळ रिअल एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर, पिण्यासाठी. ही बिअर कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येत नाही. पिंपात जिवंत यीस्ट असते, पबच्या तळघरात ती पुन्हा थोडी आंबते, निवळते, आणि बाहेरून वायूचा दाब न देता हातपंपाने वर खेचली जाते. त्यामुळे तिची चव बनवणाऱ्याइतकीच तळघर सांभाळणाऱ्याच्या हाती असते, आणि म्हणूनच अशा पबचे परीक्षण हे खरे तर त्याच्या तळघराचे परीक्षण असते.

मी ॲबट एल या नावाची एल मागितली. बारवरच्या मुलीने पंपाचा लांब दांडा सावकाश, दमाने ओढला. ग्लासात आधी सगळे ढवळल्यासारखे गढूळ दिसले, मग तळापासून वरपर्यंत हळूहळू तांबूस, नितळ रंग चढत गेला आणि वर बोटाच्या पेराएवढा फेस स्थिरावला. पहिल्या घोटाला जिभेवर बुडबुड्यांची टोचणी नाही. भाजलेल्या पोळीच्या कडेसारखा खमंगपणा, मागून मनुकांचा गोडवा आणि शेवटी घशात रेंगाळणारा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा. आपल्याकडे बर्फगार बिअरची सवय असल्याने ही कोमट वाटण्याचा संभव आहे, पण तळघरातले 11 ते 13 अंशांचे तापमान हेच तिचे योग्य तापमान होय. त्याहून गार केली तर यातले निम्मे स्वाद कळणारच नाहीत. ग्लास अर्धा झाला तेव्हा तिचा सुगंध सुरुवातीपेक्षा अधिक खुलला होता.

पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसांत संपवावे लागते, नाहीतर बिअर आंबूस होते. याच प्रवासात दुसऱ्या एका पबमध्ये मला तशी व्हिनेगरसारखी एल मिळाली. मी सांगताच त्यांनी ती बदलून दिली. असे सांगण्यात संकोच बाळगू नये, तिथे तो रिवाजच आहे.

शाकाहारी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: पिंपातली एल निवळण्यासाठी अनेकदा माशाच्या वाताशयापासून काढलेला पदार्थ वापरतात, तेव्हा मागवण्यापूर्वी अवश्य विचारावे.

टेबलावर वेटर येण्याची वाट पाहू नये. बारपाशी जाऊन मागावे आणि तिथेच पैसे द्यावेत. पूर्ण पिंट म्हणजे 568 मिलिलिटर, त्यामुळे दोन प्रकार चाखायचे असतील तर हाफ पिंट मागणे उत्तम. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की अंगण माणसांनी फुलून जाते. म्हणून दुपारीच जावे, आणि अंगणाऐवजी आतल्या बुटक्या छताच्या जुन्या खोलीत, खिडकीलगतच्या बाकावर बसावे.