आजींचा पत्र्याचा डबा: घरी ठेवावा की संग्रहालयाला द्यावा?

लंडनमधल्या आमच्या शेजारच्या आजी १९३९ मध्ये व्हिएन्नाहून किंडरट्रान्सपोर्टच्या, म्हणजे नाझी राजवटीतून मुलांना ब्रिटनला हलवणाऱ्या मोहिमेच्या, गाडीने आल्या. डिसेंबर १९३८ पासून युद्धाला तोंड फुटेपर्यंत सुमारे १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, अशीच आईबापांविना ब्रिटनला पोचली. आजींबरोबर बिस्किटांचा एक डबा आला. त्याचे कोपरे गंजलेत, दोन्ही अंगठ्यांनी रेटल्याशिवाय झाकण हलत नाही. आत प्रवासात गळ्यात अडकवलेला पुठ्ठ्याचा क्रमांक, दोन फोटो आणि रेडक्रॉसमार्फत आलेले आईचे निरोप. अशा निरोपाला २५ शब्दांची मर्यादा असे. शेवटच्या निरोपातले कितीतरी शब्द, थंडीत लोकरी मोजे घाल, हे सांगण्यात गेलेत.

आता आजींच्या लेकीला प्रश्न पडलाय, डबा ठेवावा की द्यावा?

घरी असला की तो हातात घेता येतो. पतवंडं झाकण उघडायला धडपडतात आणि आजी बोलू लागतात. संग्रहालयात दानपत्रावर सही झाली की मालकी जाते, आणि वस्तू कायम मांडून ठेवण्याची हमी सहसा कुणी देत नाही. बऱ्याच वस्तू गोदामातच असतात. पण तिथे हवा कोरडी राखतात, कागद आम्लरहित खोक्यात राहतात. घरच्या कपाटात दमटपणाने पत्रा गंजतो आणि तोच गंज कागदावर उतरतो. (डबा घासून लखलखीत करायचा मोह मात्र कृपा करून आवरा.) शिवाय वाटणीत डबा एका भावाकडे, फोटो दुसऱ्याकडे, असं घरोघरी होतं.

द्यायचंच तर कागद वीनर होलोकॉस्ट लायब्ररीला आणि डबा इम्पीरियल वॉर म्युझियमला, असं कुणीतरी सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही. निरोप त्या डब्यात होते म्हणूनच तो डबा जपला गेला. दोन्ही एकत्रच जावेत. संस्थेचं पुढे काय, हेही आधी विचारावं. लंडनच्या ज्यू संग्रहालयाची कॅम्डेनमधली वास्तू २०२३ मध्ये बंद झाली.

माझं मत मी लेकीला सांगितलं: आजी आहेत तोवर डबा त्यांच्या उशाशी राहू दे, पण प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी आत्ताच स्कॅन कर. पुढे सगळ्या भावंडांच्या संमतीने अख्खा डबा एकाच संस्थेला द्या. फोटोत आजींशेजारी दोन वेण्यांची एक मुलगी उभी आहे. ती कोण, हे फक्त आजींनाच ठाऊक आहे. येत्या रविवारी आम्ही ते विचारून लिहून घेणार आहोत.