एअर रायफलचा तडकलेला दस्ता: जोडावा की नवा बसवावा?

स्प्रिंगच्या एअर रायफलचा लाकडी दस्ता बहुतेक वेळा दोनच जागी तडकतो: मूठ बसते त्या बारीक मानेत, नाहीतर पुढच्या आडव्या स्क्रूंच्या भोकांपाशी. या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, आणि तो टोकाला आपटला की लगेच पुढे झेपावते. त्यात लाकूड आपल्याकडे पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्क्रू सैल झाला की भोक चेचतं आणि तिथून चीर धावते.

इथे लिहितोय ते परवाना न लागणाऱ्या, म्हणजे .१७७ बोअरच्या (नळीचा आतला व्यास .१७७ इंच) आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीबद्दल. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती १९५९च्या शस्त्र कायद्याखाली येते, ती परवानाधारक कारागिराकडेच न्या.

मी दोन्ही केलं आहे. एक दस्ता जोडला, एक नवा घडवला. माझा कल जोडण्याकडे आहे, पण दोन गोष्टी पाहिल्याशिवाय ठरवू नका: लाकडाचे रेषे कुठे चाललेत आणि लाकडाने तेल किती प्यायलंय.

आधी रायफल रिकामी आणि न ताणलेली असल्याची खात्री करा, मग स्क्रू काढून दस्ता वेगळा करा. सिलिंडर, म्हणजे पिस्टन-स्प्रिंगची नळी, उघडायचा नाही, रायफल ताणलेली नसली तरी आत स्प्रिंग दाबलेलीच असते. आता मानेकडे आडव्या उजेडात बघा. रेषे मानेच्या लांबीने जात असतील आणि चीर त्यांच्याच दिशेने असेल, तर जोड टिकतो. रेषे मान तिरपी कापून जात असतील, तर नुसत्या गोंदाच्या भरवशावर राहू नका.

पांढरा फेविकॉल टेबलखुर्चीला उत्तम. इथे मात्र चीर घट्ट मिटत नाही आणि वर सतत धक्के बसतात, म्हणून नको. फेविक्विक केसाएवढ्या चिरेत झिरपतं खरं, पण धक्क्याने तडकतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) तळापर्यंत पोचायच्या आतच थिजतं. त्यामुळे मी हळू सुकणारं एपॉक्सीच घेतो. चीर थोडी उघडी धरून ते आत सोडायचं, हेअर ड्रायरची हलकी ऊब द्यायची म्हणजे ते पातळ होऊन खोल उतरतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळायच्या आणि २४ तास हात लावायचा नाही. वाकड्यातिकड्या आकारावर ट्यूब जितका सारखा दाब देते तितका कुठलाच क्लॅम्प देत नाही.

रेषे तिरपे असतील तर चिरेला आडवं भोक पाडून ३ मिमीची आट्यांची पितळी सळई एपॉक्सीत बसवा. ट्रिगरच्या खाचेतून आतल्या बाजूने पाडलं तर बाहेर काही दिसत नाही. ईशापूरच्या कारखान्यात बनलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या पुढच्या लाकडातही मजबुतीसाठी असाच एक आडवा स्क्रू असतो.

तेल प्यायलेलं काळपट लाकूड गोंद धरत नाही. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झाडा, पुन्हा द्या. चार-पाच लेपांनंतरही भुकटी पिवळी होत असेल, किंवा मानेचा तुकडाच गहाळ असेल, तर नवा दस्ता घ्यायची वेळ आली.

जोडायला दोन दिवस लागतात, तेही बहुतेक वाट पाहण्यात. नव्याला माझे चार रविवार गेले. बाहेरचा आकार रंधा आणि कानशीने येतो, खरी परीक्षा सिलिंडर बसतो त्या आतल्या खाचेची. सिलिंडरला काजळ लावायचं, खाचेत बसवून उचलायचं, जिथे काळं उमटलं तेवढंच पटाशीने तासायचं, पुन्हा काजळ. घाईने एक घाव जास्त गेला की रायफल कायमची डुगडुगते. पण खोली, उंची, ट्रिगरपासून खांद्यापर्यंतचं अंतर सगळं आपल्या मापाचं होतं. लहान चणीच्या मुलासाठी घडवत असाल तर नवाच करा.

लाकडात अक्रोड सगळ्यात चांगला: हलका, स्थिर, पटाशीखाली शहाण्यासारखा वागणारा. श्रीनगरचे बंदूक कारागीर तोच वापरत आले. शिसव देखणा आणि भक्कम, पण जड. साग सहज मिळतो आणि पावसाला घाबरत नाही. मात्र त्याच्या अंगचं तेल जोडाच्या आड येतं आणि पटाशीची धार तो लवकर खातो.

जोडलेला असो की नवा, वरून उकळलेल्या जवस तेलाचे पातळ हात द्या, खाचेच्या आतूनही, कारण ओल तिथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा. स्क्रूंखाली वॉशर घाला आणि पहिल्या पन्नास फैरींनंतर स्क्रू पुन्हा आवळा.