पानगळीच्या आडवाटांवर ८०/२० टायर: काही महिने वापरल्यानंतर

मोटरसायकलचे नॉबी, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीचे मोठ्या उंचवट्यांचे टायर उतरवून उन्हाळ्याच्या शेवटी मी ८०/२० टायर चढवले. म्हणजे डांबरासाठी ८०, कच्च्यासाठी २०. हे आकडे कुठल्या मानकातून आलेले नाहीत, उत्पादक आपापल्या अंदाजाने देतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे ८०/२० सारखे निघतीलच असं नाही. तेव्हापासून दिवसभराच्या बहुतेक राइड शेतांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर झाल्या आणि माझं मत पक्कं झालं: पानगळीत आडरस्त्यावर टायरची खरी परीक्षा कच्च्यावर नाही, डांबरावर होते. निवडताना खाचांच्या खोलीआधी रबर बघा.

सकाळी निघताना टायर गार असतो आणि रस्ताही. नॉबी अशा वेळी पहिल्या वळणांवर लाकडासारखे वाटायचे. हे टायर फार लवकर विश्वास देतात. याचं श्रेय रबरातल्या सिलिकाला. गारठ्यात आणि ओल्या रस्त्यावर पकड टिकावी म्हणूनच ती मिसळतात. तरी सुरुवातीचे काही किलोमीटर मी गाडी कमीच झुकवते. टायर कोरा असेल तर पहिले दीडशेएक किलोमीटर सबुरीनेच काढावेत, साच्यातून आलेला गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत.

या ऋतूत हवा तपासण्याचा कंटाळा अजिबात करू नका. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की प्रेशर साधारण दीड ते दोन पीएसआयने कमी होतं. दुपारच्या उन्हात भरलेली हवा दुसऱ्या दिवशी पहाटे कमी दिसणारच. गेज लावायचं ते गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. एक गोष्ट मला फार उपयोगी पडली: दोन्ही चाकांत सारखीच घट असेल तर ती थंडीची, एकाच चाकात जास्त असेल तर शोधाशोध करा. एकदा असंच मागचं चाक पुढच्यापेक्षा बरंच उतरलेलं दिसलं, आणि खाचेच्या तळाशी कुंपणाच्या छाटणीतला काटा मोडून बसलेला निघाला. वरून काहीच दिसत नव्हतं, साबणाचं पाणी टाकल्यावर बुडबुडे आले.

आता ओली पानं. त्यांच्यावर कुठलाच टायर धरत नाही, हाही नाही. रबर डांबराला टेकतच नाही, मग खाचा काय करणार? फरक कळतो तो चाक सरकल्यानंतर. झाडीतलं एक वळण, दुपार झाली तरी सावलीमुळे न वाळलेलं. मागचं चाक हलकेच बाहेर गेलं. थ्रॉटल आहे तसाच ठेवला, ब्रेकला हात लावला नाही, आणि पानं संपताच चाकाने पुन्हा पकड घेतली, तीही हिसका न देता. नॉबीवर हेच व्हायचं तेव्हा पकड परत येताना गाडी दचकायची. माझ्यासाठी या टायरचे पैसे त्या एका वळणात वसूल झाले.

ट्रॅक्टर शेतातून बाहेर पडतात तिथे रस्त्यावर चिखलाचा थर असतो. तो पातळ असेल तर वेग कमी करून, गाडी सरळ ठेवून निघून जाता येतं. खोल चिखलात मात्र खाचा भरतात आणि पुढचं चाक स्वतःची वाट धरतं. टायरच्या बाजूला एम+एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी खूण आहे, पण ती उत्पादकाने स्वतःच दिलेली असते. तिच्या भरवशावर चिखलात शिरू नका. खडीवर तक्रार नाही.

झीज समाधानकारक. मागच्या टायरचं रबर मधे कडक आणि कडांना मऊ आहे, त्यामुळे सरळ रस्त्यांवर धावूनही मधला भाग सपाट झालेला नाही. पुढच्याचं मात्र तसं नाही. ब्लॉकवरून, म्हणजे खाचांमधल्या रबरी ठोकळ्यांवरून, नख फिरवलं तर एका दिशेने सुळकन जातं, उलट फिरवलं की प्रत्येक कडेला अडतं. ही करवतीसारखी झीज आता वळणात झुकल्यावर गुणगुण करते. पकड कमी झालेली नाही, पण दिवसभराच्या राइडनंतर तो आवाज डोक्यात राहतो.

मागे पुन्हा हेच घेईन. पुढे याच रबराचा, पण लहान आणि जवळजवळ ब्लॉक असलेला टायर बघते आहे. तुम्ही घेणार असाल तर बाजूवरचा चार आकडी तारीख-कोड आधी वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. रबर पडून पडून कडक होतं, आणि वर्षानुवर्षं गोदामात राहिलेला टायर कितीही सवलतीत मिळाला तरी गारठ्याच्या सकाळी कामाचा नाही.