भाड्याची कॅम्परव्हॅन: हेदवीतल्या एका दिवसावरून

कोकणात सोळा दिवस व्हॅन वापरली. त्यातले पंधरा दिवस ती झकास होती. गाद्या चांगल्या, खणांच्या खिट्ट्या घट्ट, खड्ड्यांत एक कप फुटला नाही. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा तिन्ही फेरीबोटींवर शहाण्यासारखी चढली आणि उतरली. तसल्या दिवसांचे व्हिडिओ तुम्हाला ढिगाने मिळतील. मी लिहितोय तो उरलेला एक दिवस. कंपनीचं नाव देत नाही, अनामत रकमेवरून आमचं अजून बोलणं चालू आहे.

ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस. हेदवीत दशभुजा गणेशाचं दर्शन घेतलं आणि एका काकूंच्या घरामागे गाडी लावायला जागा मिळाली. मी माडाखाली वळवत होतो तर त्या ओरडल्या, "तिथे नको हो! नारळाला डोळे असतात, माणसावर पडायचा नाही. गाडीचं मात्र सांगता येत नाही." म्हणून उताराच्या कडेला लावली. तिथेच चूक झाली.

पहाटे चारला सौ.नी उठवलं. "अहो, माझ्या पायावर पाणी पडतंय." पलंगाच्या बरोबर वर हवेसाठी झडप आहे. गाडीचं तोंड वर आणि मागची बाजू उताराकडे, त्यामुळे टपावरचं सगळं पाणी मागे वाहत येऊन त्या झडपेच्या चौकटीला तुंबलेलं. चौकटीच्या कोपऱ्यातलं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा लेप, भेगाळलं होतं. ते आधीच भेगाळलेलं असणार, पण ऊन असताना कोण बघतो! कंपनीला फोन लावला. "सर, पावसात थोडंफार होतंच." दिवसाला 7,000 रुपये घेताना हे वाक्य कुठे गेलं होतं?

उजाडल्यावर काकूंच्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) दोन सुटे चिरे मागून घेतले आणि मागची चाकं त्यांवर चढवली. पाणी पुढे पळालं, गळती धारेवरून थेंबांवर आली.

पुढे जयगडला नेणारी फेरीबोट तवसाळहून सुटते, तिथल्या जेटीवर फोन केला. "आज बोट नाही काका, जयगडला तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय." भातगावच्या पुलावरून फिरून जाता आलं असतं, पण साडेनऊ फूट उंचीची गाडी, अरुंद रस्ता, त्यावर भिजून खाली वाकलेल्या फांद्या. सौ. म्हणाल्या, मी नाही येत. थांबलो.

आता विजेचं. मी वीज खात्यात एकतीस वर्षं वायरमन होतो, तेव्हा हे जरा सविस्तर. जाहिरातीत "दोन दिवस पूर्ण स्वयंपूर्ण" असं लिहिलेलं. बॅटरी 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर. कागदावर 2.4 युनिट. पण ती साधी ॲसिडची, लिथियमची नव्हे. तिला अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हातात आलं 1.2 युनिट. फ्रिज दिवसाला अर्धं युनिट खातो. इंडक्शन 1,500 वॅटवर वीस मिनिटं चालवलं की आणखी अर्धं गेलं. चहा आणि खिचडी झाली की दिवाळं. टपावरचं सौर पॅनल ऊन असेल तर हे सगळं भरून काढतं, त्या दिवशी त्याने अगदीच हात टेकले. गाडी पळताना इंजिनवर बॅटरी भरते, पण आम्ही चिऱ्यांवर बसलेलो! माझं म्हणणं एवढंच आहे की इंडक्शनऐवजी गॅसची छोटी शेगडी द्या. मग उरलेली वीज दिव्यांना आणि फ्रिजला पुरते.

बाहेर ओढायचं कापडी छप्पर वारा सुटताच मी गुंडाळून ठेवलं. फाटलं तर 12,000 कापतील असं करारात आहे. मग आत कोंडलो. ओले कपडे आत, वाफ आत, काचा आतून घामेजलेल्या, पोह्यांच्या पुडीतले पोहे हाताला मऊ लागायला लागले. रासायनिक संडासाबद्दल सौ.चं मत मी इथे छापत नाही.

दुपारी तीनच्या सुमारास "फट्" असा आवाज आला. ओळखीचा आवाज. डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला. वाडीची लाईट गेली आणि काकूंचा बोर्ड वापरून बॅटरी भरायचा माझा बेतही गेला. (अर्थिंग आधीच तपासलं होतं, सवयच आहे.) अर्ध्या तासाने लाईनमन येऊन खांबाकडे गेला. रेनकोटातही ओलाचिंब. मला जाऊन त्याची शिडी धरावीशी वाटली. गेलोही, पण तोपर्यंत त्याने काठीनेच काम सुरू केलं होतं. तार पुढे कुठेतरी तुटली होती, त्यामुळे लाईट काही आली नाही.

काकूंनी पडवीत बोलावलं. कुळथाचं पिठलं, भात, सांडगी मिरची. घर अंधारात, तेव्हा मी व्हॅनमधून वायर ओढून पाच वॅटची एक एलईडी पट्टी पडवीच्या वाशाला बांधली. ती रात्रभर जळली तरी बॅटरीला पत्ता लागला नसता. शेजारची दोन मुलं अभ्यासाच्या वह्या घेऊन आली आणि अभ्यास सोडून गाडीत चढून बसली. जेवणाचे पैसे काकू घेईनात. शेवटी सौ.नी फ्रिजमधली चितळ्यांची बाकरवडी दिली, ती तेवढी कुरकुरीत राहिली होती.

कुणी विचारलं तर मी व्हॅन घ्या म्हणेन, डिसेंबर ते मार्च. पावसाची शक्यता असेल तर ताब्यात घेताना टपावर दोन बादल्या पाणी ओतायला लावा, कंपनीचा माणूस हसला तरी. लिथियम आहे का विचारा.

पुण्यात गाडी परत दिली तेव्हा "गादीवर डाग" म्हणून 1,800 कापले. तोच माणूस मागचं दार उघडून म्हणाला, "काका, हा दगड आमचा नाही." घाईत एक चिरा तसाच आत राहिला होता. रिक्षात घालून घरी आणलाय. डिसेंबरात हेदवीला जाऊ तेव्हा गडग्यात परत लावायचाय.